सर्जन्स हॉलचे फाटक : एडिंबरो विद्यापीठातील सात विद्यार्थिनींचा लढा (१८६९–१८७३) आणि त्याचे मुंबईशी नाते

प्रास्ताविक

स्त्रियांच्या उच्च शिक्षणाचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष साधारणतः प्रवेशाच्या क्षणावर खिळलेले असते. पहिली विद्यार्थिनी कोण, पहिली पदवीधर कोण, पहिली डॉक्टर कोण, या प्रश्नांची उत्तरे शोधण्यात बरीच शक्ती खर्च होते. प्रवेश मिळाल्यानंतर वर्गात, परीक्षागृहात आणि घराकडे परतताना रस्त्यावर काय घडले, याची नोंद त्या मानाने त्रोटक राहते. वास्तविक भेदभावाचे स्वरूप प्रवेशानंतरच अधिक स्पष्ट होते. कारण नाकारलेल्या अर्जापेक्षा अर्धवट स्वीकारलेला अर्ज विद्यार्थ्याला अधिक काळ अडकवून ठेवतो.

स्कॉटलंडमधील एडिंबरो विद्यापीठात १८६९ मध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी दाखल झालेल्या विद्यार्थिनींचा वृत्तांत या दृष्टीने महत्त्वाचा आहे. सोफिया जेक्स-ब्लेक, एडिथ पीची, इझाबेल थॉर्न, मटिल्डा चॅप्लिन आणि हेलन इव्हान्स या पाच जणी प्रथम दाखल झाल्या. पुढे मेरी अँडरसन आणि एमिली बोव्हेल येऊन मिळाल्या. इतिहासात त्या ‘एडिंबरोच्या सात’ म्हणून ओळखल्या जातात. चार वर्षांच्या अखेरीस त्यांपैकी एकीलाही एडिंबरोची पदवी मिळाली नाही. असे असताना त्यांचा लढा ब्रिटिश वैद्यकीय कायद्यात बदल घडवून गेला, आणि त्याचे पडसाद मुंबईतील कामा रुग्णालयापर्यंत व डॉ. रखमाबाईंच्या आयुष्यापर्यंत पोचले. विद्यापीठाने दिलेल्या प्रत्येक मोघम उत्तराचे लेखी निर्णयात रूपांतर करवून घेणे, ही या विद्यार्थिनींची खरी कार्यपद्धती होती. प्रस्तुत लेखात तिचा मागोवा घेतला आहे.

अर्ज आणि अटी

१८५८ च्या वैद्यकीय कायद्याने ब्रिटनमध्ये डॉक्टरांची अधिकृत नोंदवही सुरू झाली. या नोंदवहीत नाव येण्यासाठी ब्रिटनमधील एखाद्या मान्यताप्राप्त संस्थेची पदवी किंवा परवाना आवश्यक ठरला. कायद्यात स्त्रियांना मनाई नव्हती, परंतु परीक्षा घेणाऱ्या संस्थांपैकी एकही स्त्रियांना प्रवेश देत नव्हती. एलिझाबेथ ब्लॅकवेल यांनी कायद्यापूर्वी केलेल्या व्यवसायाच्या आधारे नोंदणी मिळवली. एलिझाबेथ गॅरेट यांनी १८६५ मध्ये सोसायटी ऑफ अपॉथेकरीज या संस्थेच्या नियमांतील फटीतून परवाना मिळवला. त्यानंतर संस्थेने खाजगी शिकवणी ग्राह्य धरण्याचे बंद केले आणि ती फट बुजवून टाकली. तिसऱ्या स्त्रीसाठी मार्गच उरला नाही.

सोफिया जेक्स-ब्लेक यांचा जन्म १८४० चा. लंडनच्या क्वीन्स कॉलेजात शिकत असतानाच त्या तेथे गणित शिकवू लागल्या होत्या. मात्र मुलीने वेतन घेणे वडिलांना मान्य नसल्याने त्यांना ते काम विनावेतन करावे लागले. पुढे अमेरिकेत बोस्टनच्या स्त्रियांच्या रुग्णालयात काम करताना त्यांना वैद्यकीय व्यवसायाची ओढ लागली. हार्वर्डकडे केलेला अर्ज फेटाळला गेला. न्यूयॉर्कमध्ये शिक्षण सुरू होते न होते तोच वडिलांच्या निधनामुळे त्यांना इंग्लंडला परतावे लागले. मार्च १८६९ मध्ये त्यांनी एडिंबरोकडे अर्ज केला.

वैद्यकीय विद्याशाखा आणि अध्यापकांची सिनेट या दोन्ही सभांनी हा अर्ज मान्य केला होता. त्यांच्या वर असलेल्या युनिव्हर्सिटी कोर्ट या कार्यकारी मंडळाने तो नामंजूर केला. एका बाईच्या सोयीसाठी विद्यापीठाला तात्पुरती व्यवस्था करता येणार नाही, असे कारण देण्यात आले. जेक्स-ब्लेक यांनी हे कारण शब्दशः घेतले. एकटीसाठी व्यवस्था होत नसेल तर एकटीने अर्ज करायचा नाही, असे ठरवून त्यांनी ‘द स्कॉट्समन’ व इतर वृत्तपत्रांतून सहाध्यायिनी शोधल्या. उत्तर देणाऱ्यांत एसेक्समधील एडिथ पीची होत्या. आपल्याजवळ फारसे ज्ञान नाही, चिकाटी तेवढी आहे, अशा आशयाचे त्यांचे पत्र होते. ऑक्टोबर १८६९ च्या प्रवेश परीक्षेला १५२ उमेदवार बसले. त्यांत पाच स्त्रिया होत्या, आणि त्यांपैकी चार जणी पहिल्या सातांत आल्या.

नोव्हेंबर १८६९ मध्ये विद्यापीठाने स्त्रियांच्या प्रवेशाचे नियम केले. त्यानुसार स्त्रियांना वैद्यकीय अभ्यासक्रमास प्रवेश मिळाला, पण त्यांचे वर्ग स्वतंत्र भरणार होते. असे वर्ग घेण्याची प्राध्यापकांना मुभा होती, सक्ती नव्हती. आणि वर्गातील संख्या कमी असल्याने शुल्क अधिक होते. पुढच्या साऱ्या संघर्षाचे मूळ ‘मुभा आहे, सक्ती नाही’ या एका तरतुदीत आहे. विद्यार्थिनीला शिकण्याचा हक्क मिळाला, पण तिला शिकवण्याचे बंधन कोणावरही आले नाही. विद्यापीठीय समित्यांच्या कामकाजाशी ज्यांचा संबंध येतो त्यांना अशा तरतुदींची भाषा अपरिचित वाटणार नाही.

होप शिष्यवृत्ती

पहिल्या हिवाळी सत्रात वातावरण बरेच सौजन्याचे होते. प्रा. अलेक्झांडर क्रम ब्राउन हे रसायनशास्त्राचे तेच व्याख्यान पुरुषांना एका तासाला आणि स्त्रियांना दुसऱ्या तासाला देत. १८७० च्या वसंतात वर्गाच्या परीक्षेचा निकाल लागला आणि चित्र पालटले. एडिथ पीची यांचा क्रमांक तिसरा होता. पण वरच्या दोघांनी हा अभ्यासक्रम पूर्वीही केलेला असल्याने ते शिष्यवृत्तीस पात्र नव्हते. नियमानुसार होप शिष्यवृत्तीवर पहिला हक्क पीची यांचा होता. या शिष्यवृत्तीबरोबर विद्यापीठाच्या प्रयोगशाळेचा विनामूल्य वापर करण्याची सवलत मिळत असे.

प्राध्यापकांनी शिष्यवृत्ती पीची यांच्या खालच्या क्रमांकाच्या विद्यार्थ्याला दिली. स्त्रिया वेगळ्या तासाला शिकल्या, म्हणून त्या ‘रसायनशास्त्राच्या वर्गा’च्या सदस्य नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. परंतु त्याच परीक्षेतील गुणवत्तेबद्दल वर्गाचे कांस्यपदक मात्र त्यांनी पीची यांना दिले. पदकासाठी त्या वर्गात होत्या, शिष्यवृत्तीसाठी नव्हत्या! स्वतंत्र वर्गाची अट विद्यापीठानेच घातली होती, आणि आता तीच अट विद्यार्थिनींच्या अपात्रतेचा पुरावा बनली. या शिष्यवृत्तीचे संस्थापक प्रा. टॉमस चार्ल्स होप यांनी तिचा निधी १८२६ मध्ये स्त्रियांसाठी दिलेल्या रसायनशास्त्राच्या व्याख्यानांच्या शुल्कातून उभा केला होता. स्त्रियांच्या पैशातून उभी राहिलेली शिष्यवृत्ती पहिल्या क्रमांकाच्या स्त्रीला नाकारली गेली, यातील विसंगती त्या काळच्या वृत्तपत्रांच्याही ध्यानात आली.

विद्यार्थिनींना दिलेल्या उपस्थितीच्या दाखल्यांवर नेहमीच्या वर्गाचा उल्लेख टाळून ‘स्त्रियांचा वर्ग’ असे लिहिले होते. ही बाब वरकरणी किरकोळ वाटते. प्रत्यक्षात असा दाखला पदवीसाठी निरुपयोगी ठरला असता, आणि वर्षभराचे श्रम वाया गेले असते. पीची यांनी शिष्यवृत्तीसाठी व सर्वांनी मिळून दाखल्यांसाठी सिनेटकडे दाद मागितली. सिनेटने निसटत्या बहुमताने नेहमीचे दाखले मंजूर केले आणि तशाच निसटत्या बहुमताने शिष्यवृत्ती नाकारली. दोन्ही निर्णय एकत्र वाचले तर त्या वर्गात होत्याही आणि नव्हत्याही. परंतु हे दोन्ही निर्णय आता लेखी होते. लंडनच्या पत्रांतून त्यांवर टीका झाली आणि एडिंबरोतील स्थानिक प्रश्न देशभर माहीत झाला.

विरोधाची धार नेमकी या निकालानंतर वाढली, ही बाब लक्षणीय आहे. स्त्रियांची बुद्धी वैद्यकशास्त्राला पुरी पडणार नाही, या युक्तिवादावर विसंबून असलेल्यांना प्रवेशाची फारशी भीती वाटली नव्हती. स्पर्धेत त्या पुढे गेल्यावर मात्र धास्ती निर्माण झाली. औषधिशास्त्राचे प्राध्यापक सर रॉबर्ट क्रिस्टिसन हे विरोधकांचे अग्रणी होते, आणि विद्यापीठाच्या व रुग्णालयाच्या निर्णय घेणाऱ्या मंडळांवर त्यांचे मोठे वजन होते. दुसऱ्या बाजूस इंग्रजी साहित्याचे प्राध्यापक डेव्हिड मॅसन आणि ‘द स्कॉट्समन’चे संपादक अलेक्झांडर रसेल विद्यार्थिनींच्या पाठीशी उभे राहिले.

छळ आणि दंगल

विद्यार्थिनींच्या तोंडावर दारे आपटणे, त्यांच्या नेहमीच्या जागा अडवून बसणे, त्या जवळ येताच खिंकाळल्यासारखे हसणे, चेहऱ्यावर धूर सोडणे, घराच्या दारावरची घंटा उखडणे, असे प्रकार नित्याचे झाले. अश्लील पत्रे येऊ लागली. पीची यांनी वृत्तपत्राला लिहिलेल्या एका पत्रात याहून विदारक तपशील आहे. संध्याकाळी रस्त्याने जाताना विद्यार्थी त्यांचा पाठलाग करीत आणि गलिच्छ शब्द वापरताना वैद्यकीय परिभाषेचा आधार घेत. त्या शब्दांचा अर्थ शरीरशास्त्र शिकणाऱ्या स्त्रीला तेवढा कळावा, अशी ती योजना होती. ज्ञानाचा छळासाठी केलेला हा उपयोग विद्यापीठीय छळाचे वेगळेपण दाखवतो. रस्त्यावरच्या गुंडाला हे साधले नसते.

विद्यापीठातील काही प्राध्यापकांनी शिकवण्यास नकार दिल्यामुळे विद्यार्थिनींना शरीररचनाशास्त्रासाठी विद्यापीठाबाहेरच्या मान्यताप्राप्त अध्यापकांकडे जावे लागले. डॉ. हँडिसाइड यांचा वर्ग रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सच्या सर्जन्स हॉलमध्ये भरत असे. शुक्रवार, १८ नोव्हेंबर १८७० रोजी दुपारी या वर्गाची परीक्षा होती. विद्यार्थिनी पोचल्या तेव्हा रस्त्यावर सुमारे २०० जणांचा जमाव होता. काही जण मद्य पीत होते, काही धूम्रपान करीत होते. विद्यार्थिनींवर चिखलफेक झाली, शिवीगाळ झाली, आणि त्या जवळ येताच फाटक तोंडावर बंद करण्यात आले. आतील एका सहानुभूती बाळगणाऱ्या विद्यार्थ्याने धावत येऊन फाटक उघडले, तेव्हा त्यांना आत जाता आले.

परीक्षा सुरू झाल्यावर जमावातील कोणीतरी महाविद्यालयाच्या आवारातील पाळीव मेंढी परीक्षेच्या दालनात ढकलली. तिला राहू द्या, तिला आत पाठवणाऱ्यांपेक्षा तिला अधिक समज आहे, अशा अर्थाचे उद्गार हँडिसाइड यांनी काढले आणि परीक्षा पुढे चालू राहिली. हा प्रसंग विनोदी म्हणून वारंवार सांगितला जातो. त्यापुढची घटना तेवढी सांगितली जात नाही. परीक्षा संपल्यावर मागच्या दाराने निघून जाण्याची सूचना झाली, ती विद्यार्थिनींनी नाकारली. ज्या फाटकाने आल्या त्याच फाटकाने त्या बाहेर पडल्या. वर्गातील काही पुरुष सहाध्यायी त्यांच्याभोवती कडे करून घरापर्यंत गेले, आणि नंतरचे काही दिवस रोज जात राहिले. त्यांत आयरिश विद्यार्थी विशेष होते. संरक्षणासाठी त्यांनी हाती घेतली ती अभ्यासासाठी ठेवलेली हाडे. विद्यापीठ प्रशासनाने जे करावयास हवे होते ते काम सहाध्यायांनी केले, हे या ठिकाणी नमूद करणे आवश्यक आहे. दंगलीनंतर पुरुष विद्यार्थ्यांत तट पडले. सारा पुरुषवर्ग एका बाजूला होता असे चित्र उभे करणे इतिहासाला धरून होणार नाही.

दंगलीबद्दल तिघा विद्यार्थ्यांना शांतताभंगाच्या गुन्ह्यासाठी प्रत्येकी १ पौंड दंड झाला.

एका आरोपाची किंमत

दंड भरणारे तिघे हे दंगलीचे सूत्रधार नव्हते, अशी जेक्स-ब्लेक यांची खात्री होती. २ जानेवारी १८७१ रोजी एडिंबरोच्या रॉयल इन्फर्मरी या रुग्णालयाच्या वर्गणीदारांची सभा झाली. विद्यार्थिनींना रुग्णकक्षांत प्रशिक्षणासाठी प्रवेश द्यावा की नाही, हा तेथील वादाचा विषय होता. त्या सभेत जेक्स-ब्लेक यांनी क्रिस्टिसन यांचा वर्गसाहाय्यक दंगलीच्या अग्रभागी होता, असे उघडपणे सांगितले. त्याने वापरलेल्या भाषेचे एकमेव समर्थन म्हणजे तो शुद्धीवर नव्हता, असेही त्या म्हणाल्या. क्रिस्टिसन सभेत उपस्थित होते.

वर्गसाहाय्यकाने १,००० पौंडांचा अब्रूनुकसानीचा दावा लावला. १८७१ च्या उन्हाळ्यात ज्यूरीने निकाल वादीच्या बाजूने दिला, पण नुकसानभरपाई ठरवली ती एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी. वादीच्या अब्रूचे ज्यूरीने केलेले हे मूल्यमापन बोलके होते. तथापि निकाल विरुद्ध गेल्याने खटल्याचा खर्च जेक्स-ब्लेक यांच्यावर पडला. तो ९१५ पौंडांहून अधिक होता.

दंगल करणाऱ्याला १ पौंड आणि दंगलीबद्दल बोलणारीला ९१५ पौंड, हे प्रमाण या साऱ्या प्रकरणाचे सार सांगते. छळाची तक्रार नाव घेऊन करावयाची तर पुरावा देण्याची जबाबदारी तक्रार करणाऱ्यावर येते. साक्षीदार हे त्याच विद्यापीठाचे विद्यार्थी असतात आणि त्यांचे भवितव्य त्याच प्राध्यापकांच्या हाती असते. पुढील शतकात विद्यापीठांतून स्वतंत्र चौकशी समित्यांची जी मागणी झाली, तिच्या मुळाशी हीच अडचण आहे. एडिंबरोत तशी यंत्रणा नव्हती. लोकांनी वर्गणी काढून खटल्याचा सर्व खर्च भागवला, आणि त्या निमित्ताने विद्यार्थिनींच्या पाठीशी असलेल्या समितीचा विस्तार झाला.

जेक्स-ब्लेक यांनी त्या सभेत नाव घ्यावयास हवे होते काय, याविषयी त्यांच्या समर्थकांतही दुमत होते. त्यांचा स्वभाव तापट होता, हे त्यांच्या मित्रांनीही मान्य केले आहे. पीची शांत, मोजके बोलणाऱ्या. एकीच्या धडाडीने प्रश्न पुढे जाई, तर दुसरीच्या संयमाने मोडलेले संबंध जुळत. चळवळीच्या धावपळीत जेक्स-ब्लेक स्वतः विद्यापीठाच्या एका परीक्षेत अनुत्तीर्ण झाल्या आणि विरोधकांनी त्याचे पुरेपूर भांडवल केले. लढणाऱ्या विद्यार्थ्याचा अभ्यास मागे पडतो, ही किंमत कोणत्याही न्यायालयाच्या हिशेबात येत नाही.

न्यायालय आणि संसद

१८७२ च्या आरंभी युनिव्हर्सिटी कोर्टाने तडजोड सुचवली. विद्यार्थिनींनी पदवीचा आग्रह सोडला तर त्यांना प्रावीण्याचे प्रमाणपत्र देता येईल, असा तिचा आशय होता. १८५८ च्या कायद्यानुसार अशा प्रमाणपत्रावर नोंदवहीत नाव लागले नसते. विद्यार्थिनींनी प्रस्ताव नाकारला व विद्यापीठाविरुद्ध न्यायालयात दावा दाखल केला. ज्या विद्यापीठाने प्रवेश दिला, शुल्क घेतले, परीक्षा घेतल्या, त्याच्यावर शिक्षण पूर्ण करून देण्याचे बंधन आहे काय, हा प्रश्न होता. जुलै १८७२ मध्ये लॉर्ड गिफर्ड यांनी निकाल बहुतांशी विद्यार्थिनींच्या बाजूने दिला. विद्यापीठाने अपील केले. जून १८७३ मध्ये वरिष्ठ न्यायपीठाने बहुमताने निकाल फिरवला. १८६९ मध्ये स्त्रियांना प्रवेश देण्याचा अधिकारच विद्यापीठाला नव्हता, सबब पुढची बंधने उद्भवत नाहीत, अशी या निकालाची भूमिका होती. विद्यापीठाच्या चुकीचा लाभ विद्यापीठालाच मिळाला, आणि खटल्याचा खर्च पुन्हा विद्यार्थिनींवर आला.

येथे लढा संपला असे अनेकांना वाटले. पॅरिसची पदवी १८७० मध्येच मिळवलेल्या एलिझाबेथ गॅरेट अँडरसन यांनी ऑगस्ट १८७३ मध्ये ‘द टाइम्स’मधून स्त्रियांना परदेशात शिकण्याचा सल्ला दिला. जेक्स-ब्लेक यांनी त्यास जाहीर उत्तर दिले. परदेशी पदवीला देशात मान्यता नसताना बाहेर जाणे म्हणजे प्रश्न टाळणे होय, असे त्यांचे मत होते. दोन्ही भूमिकांत तथ्य होते. शिक्षण हवे असलेल्या एका विद्यार्थिनीसाठी पहिली भूमिका शहाणपणाची होती. पुढे येणाऱ्या साऱ्यांसाठी दुसरी.

न्यायालयातील पराभवाने एक गोष्ट मात्र स्पष्ट केली होती. विद्यापीठांना अधिकार नाही, असे न्यायाधीशांनीच ठरवल्यामुळे तो अधिकार देणारा कायदा करावा, ही मागणी आता संसदेकडे नेता येत होती. ऑक्टोबर १८७४ मध्ये लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेन ही संस्था सुरू झाली. पहिल्या १४ विद्यार्थिनींपैकी १२ जणी एडिंबरोत शिकलेल्या होत्या. १८७६ मध्ये रसेल गर्नी यांनी मांडलेला कायदा संमत होऊन परीक्षा घेणाऱ्या संस्थांना स्त्रियांना प्रवेश देण्याची मोकळीक मिळाली. हा कायदाही ‘मुभा आहे, सक्ती नाही’ याच धर्तीचा होता. परंतु आता एका संस्थेने मान्यता दिली तरी काम भागणार होते, आणि ती डब्लिनच्या किंग अँड क्वीन्स कॉलेज ऑफ फिजिशियन्सने दिली. जेक्स-ब्लेक व पीची यांनी जानेवारी १८७७ मध्ये स्वित्झर्लंडमधील बर्न येथून एम.डी. पदवी आणि त्याच वर्षी डब्लिनचा परवाना मिळवला. इझाबेल थॉर्न यांनी मात्र स्वतः डॉक्टर होण्याचा विचार सोडून लंडनच्या नव्या संस्थेचे मानद चिटणीसपद सांभाळले. सातांपैकी सर्वांत कमी लिहिले गेले आहे ते बहुधा त्यांच्याविषयी.

यानंतरचा एक प्रसंग चरित्रग्रंथांतून घाईने उरकला जातो. जेक्स-ब्लेक यांनी १८८६ मध्ये एडिंबरोतच स्त्रियांचे वैद्यकीय विद्यालय काढले. १८८८ मध्ये रुग्णालयात ठरलेल्या वेळेपेक्षा अधिक थांबल्यावरून झालेल्या वादात त्यांनी दोघी बहिणींना विद्यालयातून काढून टाकले. त्या विद्यार्थिनींनी आपल्या प्राचार्यांवर खटला भरला आणि जिंकला. नैनितालला जन्मलेल्या एल्सी इंग्लिस यांनी याच असंतोषातून १८८९ मध्ये प्रतिस्पर्धी विद्यालय उभारण्यात पुढाकार घेतला. एकेकाळी विद्यापीठाला न्यायालयात खेचणारी विद्यार्थिनी स्वतः अधिकारपदावर आल्यावर तिच्याविरुद्ध तेच साधन वापरले गेले. यात जेक्स-ब्लेक यांचा अधिक्षेप करण्याचे कारण नाही. संस्थेतील अधिकाराचे स्थान माणसाकडून काय करवून घेते, याची ही साक्ष आहे.

एडिंबरो विद्यापीठाने १८९४ पासून स्त्रियांना वैद्यकीय पदव्या देण्यास प्रारंभ केला. मूळच्या सात जणींना त्याने मरणोत्तर सन्माननीय पदव्या दिल्या त्या जुलै २०१९ मध्ये, म्हणजे दीडशे वर्षांनी. त्यांच्या वतीने त्या पदव्या विद्यापीठाच्या तत्कालीन वैद्यकीय विद्यार्थिनींनी स्वीकारल्या.

मुंबई

एप्रिल १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेला निघाल्या, त्याच सुमारास मुंबईत सोराबजी शापुरजी बंगाली आणि अमेरिकन व्यापारी जॉर्ज किट्रेज यांनी भारतीय स्त्रियांसाठी वैद्यकीय निधी उभारला होता. पुरुष डॉक्टरांकडे न जाणाऱ्या स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टर आणणे, स्त्रियांचे रुग्णालय काढणे आणि ग्रँट मेडिकल कॉलेज स्त्रियांना खुले करणे, असे त्याचे त्रिविध उद्दिष्ट होते. या निधीने निवडलेल्या प्रमुख डॉक्टर म्हणजे एडिथ पीची. डिसेंबर १८८३ मध्ये त्या मुंबईत आल्या. पेस्तनजी होर्मसजी कामा यांच्या देणगीतून उभे राहिलेले रुग्णालय १८८६ मध्ये सुरू झाले आणि त्याची सूत्रे पीची यांच्याकडे आली.

होप शिष्यवृत्तीचा अनुभव त्या विसरल्या नव्हत्या, असे त्यांच्या मुंबईतील भूमिकांवरून म्हणता येते. स्त्री डॉक्टरांना पुरुषांइतकेच वेतन व दर्जा मिळावा, असा त्यांचा आग्रह होता. स्त्रियांचे रुग्णालय म्हणून ते दुय्यम ठरू नये, यासाठी त्या दक्ष राहिल्या. मुंबई विद्यापीठाच्या सिनेटवरही त्यांनी काम केले. ज्या प्रकारच्या सभेने १८७० मध्ये निसटत्या मताने त्यांचा हक्क नाकारला होता, तशाच सभेत आता त्या सदस्य म्हणून बसत होत्या.

याच काळात रखमाबाईंचा खटला गाजत होता. ग्रँट मेडिकल कॉलेजशी संबंधित नामवंत डॉक्टर व वनस्पतिशास्त्रज्ञ सखाराम अर्जुन यांच्या त्या सावत्र कन्या. बालपणी झालेला विवाह नाकारून त्यांनी पतीच्या घरी जाण्याचे नाकारले. १८८५ मध्ये न्या. पिन्ही यांनी निकाल त्यांच्या बाजूने दिला. तो अपिलात टिकला नाही, आणि मार्च १८८७ मध्ये पतीकडे जा अथवा सहा महिने कारावास भोगा, असा आदेश झाला. रखमाबाईंनी कारावास पत्करण्याची तयारी दाखवली. १८८८ मध्ये २,००० रुपये देऊन प्रकरण मिटले. एडिंबरो आणि मुंबई येथील खटल्यांची तुलना मर्यादेतच करावी लागेल. रखमाबाई विद्यापीठाच्या विद्यार्थिनी नव्हत्या, आणि त्यांच्यासमोर विवाहसंस्था, वसाहतीचा कायदा व जातीचा दबाव असे तिहेरी संकट होते. परंतु खालच्या न्यायालयात जिंकून वर हरण्याचा आणि तरीही माघार न घेण्याचा अनुभव पीची यांच्या परिचयाचा होता. रखमाबाईंच्या वैद्यकीय शिक्षणाच्या कल्पनेस त्यांनी पाठिंबा दिला आणि त्यासाठी निधी जमवण्यास साहाय्य केले. १८९० मध्ये मुंबईतील हिंदू समाजासमोर बालविवाहाविरुद्ध त्यांनी दिलेले व्याख्यानही याच संदर्भात पाहावे लागते.

या नात्याला आणखी एक पदर आहे. १८८३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन करणाऱ्या आठ जणांत सखाराम अर्जुन होते. त्याच संस्थेचा कारभार पुढे अनेक वर्षे वाहणारे हर्बर्ट फिप्सन यांच्याशी पीची यांचा १८८९ मध्ये विवाह झाला. तत्कालीन मुंबईचे सुधारकवर्तुळ किती लहान होते, याची कल्पना यावरून येते.

१८८९ मध्ये रखमाबाई इंग्लंडला गेल्या आणि लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेनमध्ये दाखल झाल्या. एडिंबरोतून बाहेर पडावे लागलेल्या विद्यार्थिनींमुळे पंधरा वर्षांपूर्वी जे विद्यालय निघाले, तेच हे विद्यालय. इझाबेल थॉर्न तेव्हाही तेथे चिटणीस होत्या. अभ्यासक्रम पूर्ण झाल्यावर रखमाबाईंनी १८९४ मध्ये स्कॉटलंडमधील वैद्यकीय संस्थांच्या संयुक्त मंडळाची परीक्षा दिली व त्या उत्तीर्ण झाल्या. या मंडळात एडिंबरोच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सचा समावेश होता. सर्जन्स हॉल ही त्याच संस्थेची वास्तू. पुढच्या वर्षी रखमाबाई सुरत येथील स्त्रियांच्या रुग्णालयात रुजू झाल्या.